भोऱ्याची परतीची धाव

समुद्रपूरच्या अण्णाजींना कशाचीही शर्यत लावल्याशिवाय चैन पडत नसे. उमेदीच्या काळात शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोड्या सोडायची झेंडी त्यांच्या हातात असायची. ती हातातून सुटली, पण अंगातून काही गेली नाही. घरात दोन कुकर चढले तरी कोणाची शिट्टी आधी होईल ते अण्णाजी आधीच सांगून मोकळे व्हायचे. त्यामुळे नात सुरभी रविवारी सावंगीच्या होस्टेलवरून आली आणि म्हणाली, की घरच्या कॉम्प्युटरच्या बॅकअपसाठी दोन सॉफ्टवेअर काही दिवस फुकट वापरायला मिळालीत, त्यातलं बरं कोणतं ते आज ठरवू, तेव्हा अण्णाजींनी पेपर बाजूला टाकला आणि खुर्ची ओढून पुढे बसले.

कॉम्प्युटर जुना झाला होता. मध्येच घरघरायचा, मध्येच अडून बसायचा. तो उद्या बसला तरी कोणाला फारसं दुःख झालं नसतं, पण त्याच्या पोटात आजीचा आवाज होता. लीलाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. तेव्हापासून त्या हातांनी बोलत, आणि रागावल्या की बांगड्यांनी. पण त्याआधी, सुरभी शाळेत असताना, तिने आजीला समोर बसवून भुलाबाईची सगळी गाणी मोबाईलवर भरून घेतली होती. तो मोबाईल फुटला. ज्या पेनड्राईव्हमध्ये दुसरी प्रत होती तो सुरभीच्या वडिलांच्या पँटच्या खिशातून थेट वॉशिंग मशीनमध्ये गेला. आता ती गाणी या एका घरघरणाऱ्या डब्यात उरली होती. अण्णाजींनी ती अजून एकदाही ऐकली नव्हती. त्यांना भीती वाटायची. गाणी तिथे आहेत, एवढ्यावरच त्यांचं भागत होतं.

सुरभीने दोन्ही सॉफ्टवेअरसाठी बाहेरून दोन वेगळ्या डिस्क जोडल्या. सॉफ्टवेअरची नावं इंग्रजी होती आणि अण्णाजींना ती मुळीच पसंत पडली नाहीत. चकचकीत निळ्या खिडकीवाल्याचं नाव त्यांनी बैलासारखं पाखऱ्या ठेवलं आणि राखाडी, अगदी सरकारी दिसणाऱ्याचं भोऱ्या. मग खांद्यावरचा दुपट्टा हातात घेतला, वर धरला आणि झटक्यात खाली आणला. सुरभीने हसत दोन्हीकडे बटण दाबलं.

पाखऱ्या सुटला तो सुसाटच. निळी पट्टी अशी सरकत गेली की अण्णाजी खुर्चीत उठबस करायला लागले. 'बघ बघ, कसा चाल्ला' असं ते लीलाबाईंना तीनतीनदा सांगत होते, आणि त्या समोरच बसून तेच बघत होत्या. चहाचे कप रिकामे व्हायच्या आत पाखऱ्याने हिरवी खूण दाखवली. अण्णाजींनी देवघरातलं झेंडूचं फूल आणून स्क्रीनच्या वर ठेवलं. भोऱ्या अजून निम्म्यातही नव्हता. तो म्हणे एकेक फाईल वाचून, पुन्हा तपासून पुढे जात होता. अण्णाजींना असल्या बैलाचा मनापासून तिटकारा.

"हा काई कामाचा नाई. याले बंद करतो," म्हणत त्यांनी माऊसला हात घातला, तोच लीलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने खूण केली: असू द्या, येईल तो. अण्णाजी कुरकुरले, पण मनगट सुटेना, तेव्हा भोऱ्याला जीवदान मिळालं.

सुरभीचं मात्र समाधान झालं नव्हतं. नेलं किती लवकर हे खरं नाही, मागितलं की परत देतो का हे खरं, असं तिचं म्हणणं. एखादा फालतू फोटो पुसू आणि तो मागून पाहू, असं ती सांगत होती, तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला आणि ती बोलत बोलत अंगणात गेली.

परतीची धाव ऐकल्यावर अण्णाजींना कुठला दम निघतो? पुसण्यात तर त्यांचा हातखंडा. मोबाईलवर येणारे सुप्रभात ते रोज सकाळी झाडून काढायचे. फालतू फोटो शोधत बसण्यापेक्षा त्यांनी मराठीत नाव असलेलं एकमेव फोल्डर धरलं. नाव होतं 'आजी'. खराखुरा पट, खरीखुरी जोडी. कॉम्प्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं. अण्णाजींनी चष्मा न लावताच 'यस' दाबलं.

सुरभी आत आली आणि तिचा चेहरा उतरला. फोल्डर एवढं मोठं होतं की ते कॉम्प्युटरमधल्या कचऱ्याच्या डब्यातही गेलं नव्हतं, कायमचं पुसलं गेलं होतं.

"आबाजी, काऊन पुसलं तुम्ही?" तिने आजोबांना विचारलं.

"जोडी परत आणाची तं वाट मोकळी नको का? मांग आता पाखऱ्याले."

तिने मागितलं. पाखऱ्याने फोटो दिले, वडिलांचे कागद दिले, 'आजी' दिलं नाही. तो फक्त त्याच्या नेहमीच्या ठरलेल्या जागा उचलून पळाला होता. गाणी दुसऱ्या कप्प्यात होती, तिकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हिरवी खूण मात्र अजून झळकत होती.

आता राहिला भोऱ्या. अण्णाजींनी पुसायच्या आधी तो गाण्यांपर्यंत पोचला होता की नाही, हे तो थांबल्याशिवाय कळणार नव्हतं. मघाशी ज्याला हाकलायला निघाले होते त्याच्याकडे अण्णाजी आता हात जोडून बसले. लीलाबाईंकडे बघायची त्यांची हिंमत होईना. स्वतःच्या हाताने बायकोचा आवाज दुसऱ्यांदा घालवला, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. राखाडी पट्टी तसूतसूने सरकत राहिली. शेजारी लीलाबाईंची बांगडीही वाजत नव्हती.

शेवटी भोऱ्या थांबला. सुरभीने यादी उघडली, बोट फिरवत खाली गेली आणि एकदम टाळी वाजवली. 'आजी' होतं. सगळंच्या सगळं होतं. तिने ते परत मागितलं, भोऱ्याने पुन्हा सावकाश आणून दिलं, आणि खात्रीसाठी तिने पहिलंच गाणं लावलं.

आधी भांड्यांचा आवाज आला, मग लहान सुरभीचं हसू. लीलाबाईंनी भुलाबाईची ओळ धरली, खणखणीत, आणि अर्ध्यातच सोडली.

"अजी, आयकून राह्यले का? चहा थंडा होऊन राह्यला."

"आलो, आलो," म्हणत अण्णाजी ताडकन उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात पोचलेसुद्धा. तिथे गॅस बंद होता, ओटा पुसलेला होता. ते दाराला धरून उभे राहिले. मागे गाणं पुन्हा सुरू झालं होतं.

वळून पाहिलं तर लीलाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. डोळे भरलेले, खांदे गदगदत होते, आवाज नव्हता. जरा वेळाने त्या उठल्या, स्क्रीनवरचं झेंडूचं फूल उचलून भोऱ्याच्या डिस्कवर ठेवलं, अण्णाजींच्या बाजूने आत गेल्या आणि गॅसवर भांडं चढवलं. अण्णाजी तिथेच पाटावर बसले, चहा होईपर्यंत हलले नाहीत.