टिनाखालचा कापूस

आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात एकच काम केलं, कापूस दाबला. अकोल्याच्या प्रेसमध्ये मोठ्या पेटीत उतरायचं, वरून रुई पडली की पायानं तुडवायची, इतकी की मुंगीलेही वाट राहू नये. महादेवरावानं तुडवलेली रुईची गाठ म्हणजे दगड, असं मुनीमही म्हणत. माणूस तसा गरीब, पण त्या गाठीबद्दल कोणी वाकडं बोललं की झालं!

त्या वैशाखात आमची मैना पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली अन् सातव्याच महिन्यात मोकळी झाली. पोर एवढीशी, ओंजळीत मावेल. गंगूबाई सुईण म्हणाली, "पार्बताबाई, हिले दूध ओढायची ताकद यायले पंधरा दिवस जातील. तवर ऊन लागू देऊ नका. नाही तर..."

अन् आमची खोली कशी? प्रेसच्या चाळीतली, वर नुसते टिन. अकोल्याचं ऊन काय सांगू तुमाले! बाराले आत भाकर भाजून निघावी. मी दाराले ओली चादर लावली, जमिनीवर पाणी शिंपडलं. पण वरून जी आग पडे तिचं काय करू? दुधात भिजवलेली वात ओठाले लावली तरी पोर तोंड उघडून पडून राहे. रडतही नव्हती. लोकाच्या घरी लेकरू गप व्हावं म्हणून नवस करतात, मी हे लेकरू रडावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते.

हंगाम संपून प्रेस बंद झाली होती. हे एक दिवस उठले अन् मुनीमाले सांगून कवडी कापूस घेऊन आले. किडका, डागी, कोणी न विचारणारा. सकाळच्या थंड्या वेळी आमी मायलेकींले कडुलिंबाखाली नेलं. ह्यांनी टिनाखाली बांबूच्या कमच्या बांधल्या, त्याले तरट शिवलं अन् मधात कापूस कोंबायले लागले.

"दाबा, अजून दाबा," मी खालून सांगून राहिली होती. मीही प्रेसवाल्याचीच बायको ना! ह्यांनी तरट खेचून खेचून कापूस टिनाले चिकटवला. दोन बोटं जाड अन् पाटीसारखा टणक. शेजारचा सहदेव खाटेवर चढून बुक्की मारून पाहून गेला. "वा काका, सुई जाणार नाही!" हे गालात हसले. मलेही बरं वाटलं, खोटं काहून बोलू?

दुसऱ्या दिवशी बाराले मी तरटाले हात लावला तर हात भाजला. खोली पहिल्यापेक्षा थोडी बरी, पण त्या जिवाले थोडी बरी काय कामाची? तिसऱ्या दिवशी तर वातीतलं दूधही तिच्या ओठावरून खाली ओघळलं. माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन ह्यांच्यावर ओरडले, "नातीसाठी घर केलं का गाठ बांधली हो तुमी?"

"माझ्या दाबण्यात खोट काढू नको," हे एवढंच बोलले अन् उन्हातच जाऊन बसले.

मी रागारागात घरात आले. पोरीखाली घालायले मैनाची रजई काढली, तर ती दबून पार चपटी झालेली. मनात आलं, हिले पिंजाऱ्याकडे द्यायले पाहिजे, दबल्या रजईत थंडी शिरते. अन् माझा हात तिथंच थांबला. थंडी शिरते, तर मग ऊन काहून नाही शिरणार?

बाहेर गेले. जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "अहो, रजई दबली तरी कापूस तेवढाच राहते ना? मग थंडी काहून वाजते? पिंजला म्हणजे त्याच्या धाग्याधाग्यात हवा अडकून बसते. ती हवाच थंडी अडवते अन् ऊनही अडवते. आपण ती पिळून काढली."

हे माझ्याकडे पाहतच राहिले. "म्हणजे मी दाबला म्हणून..."

"दोघांनी दाबला. मी नाही का खालून ओरडत होते?"

त्यांनी दोन्ही हातांत तोंड घातलं. "मले दुसरं काही येतच नाही वं, पार्बते. वीस वर्षं हेच केलं." मी बाजूले बसून रडले. त्या माणसाची मले इतकी माया आली की काय सांगू.

मग दोघं उठलो. ऊन उतरल्यावर मायलेकींले परत कडुलिंबाखाली नेलं अन् सगळं तरट उसवलं. जुन्या शहरातून पिंजाऱ्याले बोलावून आणलं. त्यानं अंगणात धनुकलीवर तो टणक कापूस पिंजला, तसा तो फुगून खाटेवर मावेना. ह्या वेळी कमच्या वीतभर खाली उतरवल्या. कापूस तोच, पण आता पुरी वीत भरली. हे बोटांच्या शेंड्यांनी एकेक पुंजका ठेवत. दर वेळी तळवा दाबायले पुढं जाई अन् हे तो मागे ओढून घेत. मी खालून पुंजके देत होते.

सहदेव आला. "काका, हे तर भुसभुशीत राहिलं, थोडं..."

"हात लावशील तर पाहा!" हे कडाडले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी तरटाले हात लावला. कोमट होतं, बस. पोरीचं कपाळ पाहिलं, तेही तापलेलं नव्हतं. मैनाले डोळा लागला होता. बाळंतिणीच्या खोलीत यायचं नाही म्हणून हे दाराबाहेर बसलेले.

तेवढ्यात पोरीनं तोंड वाकडं केलं अन् रडली. बारीक, चिरका आवाज. मैना दचकून उठली. "माय वं! काय झालं हिले?"

"भूक लागली वं, बाई! घे, पाज तिले!" माझे डोळे भरून आले होते, मले धड दिसतही नव्हतं.

मैनानं पोरीले उचललं, तसा चादरीपलीकडून ह्यांचा आवाज आला. घोगरा, रडका.

"लगेच गप करू नका वं तिले. जरासं ऐकू द्या मले."