सायलेन्सरमधला नमदा

माझे सासरे मोटरसायकल सुरू करायचे तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत, कारण त्यांचं त्यांनाच ऐकू यायचं नाही. जुनी रशियन गाडी, शेजारी साइडकार, आणि सायलेन्सरच्या आतलं सगळं भरताड गंजून कधीच गळून गेलेलं. माझी मेरिम जन्मली आणि त्या आवाजावरून घरात रोजची वादावादी सुरू झाली. गाडी धडधडली की पोर पाळण्यात दचकायची आणि जी रडायला लागायची ती थांबायचंच नाव नाही.

शेवटी सासूबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "मेरिमच्या पाळण्याच्या जेवणाआधी या गाडीचं तोंड बंद करा. नाहीतर घाला भंगारात!"

सासरे वाकून सायलेन्सर निरखायला लागले. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, मी त्यांना अता म्हणते, म्हणजे बाबा. घोड्यावरून पडून त्यांची कंबर मोडली तेव्हापासून खोगीर सुटलं ते सुटलंच. वरच्या कुरणात आपल्या घोड्या बघायला जायचं तर ही गाडीच. ती गेली की म्हातारा खिडकीशी बसून झुरणार, हे मला दिसत होतं. शिवाय कळा सुरू झाल्या तेव्हा मला दवाखान्यात त्याच साइडकारमधून नेलं होतं त्यांनी, सगळा रस्ता आपलाच कोट माझ्यावर पांघरून. माझा जीव होता त्या गाडीवर आणि त्यांच्यावरही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अंगणात हाक मारली. सायलेन्सर खोलून ठेवला होता.

"पोरी, नमद्याचे तुकडे उरलेत ना तुझ्याकडे? भिंतीतून वारा आला की आपण काय लावतो? नमदा. कान दुखला की? नमदा. मग हिनंच काय घोडं मारलंय?"

मलाही पटलं. नमदा म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर, आणि आम्ही किर्गिझस्तानातल्या कोचकोरची माणसं, लोकरीपुढे आमची अक्कल चालत नाही. मी तुकडे कापले, त्यांनी ते आतल्या नळीला गुंडाळले आणि दोघांनी मिळून ठासून भरले. गाडी सुरू झाली आणि काय सांगू, मांजर गुरगुरावं तेवढाच आवाज! मेरिमनं कूससुद्धा बदलली नाही. अता लंगडत लंगडत नाचले.

मग धूर यायला लागला. धुरामागून वास आला.

आमच्या गावात जळक्या लोकरीचा वास सुटला की समजायचं, कुणीतरी मेजवानीसाठी मेंढी कापली आणि तिचं डोकं जाळावर भाजायला घेतलं. आमच्याकडे पाळण्याचं जेवण व्हायचंय हे तर सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

पहिल्या आल्या शेजारच्या झूराकाकू, नवा रुमाल डोक्याला बांधून. "अगं, निरोप तरी द्यायचा! वासावरून कळावं लागलं मला!" त्यांच्यामागून काठी टेकत तोक्तोसुनआबा, गल्लीतले सगळ्यात म्हातारे. "डोकं माझ्यापुढेच ठेवायचं बरं का, माझ्याहून मोठा आहे कोण इथं?" आणि त्यांच्यामागे उरलेली गल्ली.

दारात आलेल्या माणसाला 'जेवण नाही, सायलेन्सर जळतोय' असं कोण सांगणार? सासूबाईंनी अतांकडे असं पाहिलं की मीच डोळे मिटले. मग वळून त्या गोड हसल्या, "या, या, बसा!" आणि पाळण्याच्या जेवणासाठी पोसलेली मेंढी त्याच दुपारी कापली गेली.

डोकं आबांपुढे आलं. त्यातला कान घरातल्या लहानाला द्यायचा असतो, म्हणजे ते मोठ्यांचं ऐकतं. आबांनी कान कापून दिला, सासूबाईंनी तो सरळ अतांच्या ताटात टाकला. "खा! यापुढे तरी ऐकाल माझं." हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

अतांनी कान निमूट चावून खाल्ला. मग म्हणाले, "ऐकलं. देऊन टाकतो गाडी."

हसणं थांबलं. म्हातारा मान खाली घालून उगाच हात पुसत राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई तरातरा उठून आत गेल्या आणि भांडी घासायच्या तारेच्या घासण्या आणून त्यांच्यापुढे आदळल्या.

"लोकर जळते, तार जळते का? भरा हे! आणि भंगाराचं नाव काढलंत तर याद राखा."

"पण एने," मी सासूबाईंना म्हणाले, "तुम्हीच तर म्हणाला होता..."

"तू गप्प बस, नमदेवाली!"

झूराकाकू गेल्या आणि आपल्याही घासण्या घेऊन आल्या. बाकीच्या बायकांनीही आणल्या. त्या दिवशी गल्लीत कुणाचीच कढई घासली गेली नसेल.

सकाळी अतांनी गाडी सुरू केली तेव्हा सासूबाई सवयीनं मेरिमच्या कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी खिडकीतून विचारलं, "अहो म्हातारबुवा, सुरू करताय ना?"

"केव्हाच झाली!"

त्यांनी हात काढले. पोर झोपलेलंच होतं. त्या बाहेर गेल्या, चपला झटकल्या आणि साइडकारमध्ये जाऊन बसल्या. आजवर त्या गाडीत त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता.

"चला कुरणात. इतकी वर्षं या धडधडाटात तुम्हाला दोन शब्द सांगता आले नाहीत. आज ऐकायचं."

गाडी पॉपलरच्या रांगेपलीकडे गेली तरी मला दारातून सासूबाईंचा आवाज ऐकू येत होता, गाडीचा येत नव्हता. रस्ता मोकळा होता, पण अता अगदी हळू चालवत होते.