नवसाचं करडू

मित्रांनो, मी एक जुनं, बिनशिंगाचं जनावर आहे. दाढी बोकडाची, आवाज शेळीचा आणि वय अकरा वर्षं. आमच्यात अकरा म्हणजे पार म्हातारपण. एवढी वर्षं मी जगले, याचं मला अजून नवल वाटतं.

माझा जन्म शिरड शहापूरजवळच्या तांड्यावर, मिनाच्या अंगणात झाला. मूल होत नाही म्हणून मिनाला सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं होतं. पुढे सोयाबीन काढताना तिला संगिता भेटली. दोघींचा एकमेकींवर जीव जडला आणि संगिता गाठोडं घेऊन कायमची तिच्याकडे राहायला आली. लोक चार दिवस बोलले, मग त्यांनाही सवय झाली.

मी जन्मले त्याच आठवड्यात मिनाचा थोरला भाऊ धनसिंग मोडलेल्या पायावर पुन्हा चालू लागला. तो देवीला बोकडाचा नवस बोलला होता. त्याने मला नीट न पाहताच कपाळाला हळद लावून टाकली. एकदा हळद लागली की जनावर देवीचं. मग त्याला कोणी उलटंपालटं करून बघत नाही, ते बरं दिसत नाही. त्यामुळे दीड वर्ष मी बोकड म्हणून वाढले. मला तरी कुठे काही ठाऊक होतं!

दिवस मजेत गेले. तांड्यावरच्या शेळ्या चरायला निघाल्या की मी पुढे. आई मेलेलं एखादं करडू माझ्याच पोटाशी येऊन निजायचं. संगिताने कौतुकाने माझ्या गळ्यात घंटी बांधली होती.

नवस फेडायचा दिवस आला. देवीचं जनावर निर्दोष हवं, म्हणून जाणते जळबा मला तपासायला आले. त्यांनी माझा मागचा पाय उचलला, पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"धनसिंग, हे बोकड न्हाई."

"मग शेळी हाय का?"

"शेळीबी न्हाई. जल्मताच असं असतंय एखादं. नवसाला चालायचं न्हाई."

अंगणात हशा पिकला. धनसिंगचं तोंड एवढंसं झालं. त्याने रागाने माझ्या गळ्यात दावं अडकवलं.

"ना दूध, ना पिल्लू, ना नवस! जवळा बाजार गावाला नेऊन खाटकाला देतो."

"दादा, सोड," मिना आडवी आली.

"हळद मी लावली, जनावर माझं."

तो मला ओढत निघाला. मित्रांनो, मी फार घाबरले.

पण रागाच्या भरात घंटी काढायची तो विसरला. घंटी वाजली की मागे चालायचं, एवढंच आमच्या शेळ्यांना ठाऊक. फाट्यावर पोचेपर्यंत आमच्यामागे चाळीस शेळ्या आणि त्यांच्यामागे ओरडत पळणाऱ्या बाया. एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "काय भाऊ, अख्खा तांडा इकायला काढला का?"

धनसिंग रस्त्याकडेला मटकन बसला. त्यालाही हसू आवरेना.

"बरं, ठेवा बाई. कळप सांभाळून राहिलंय, कामाचं हाय."

"अन् कामाचं नसतं तर, भाऊ?" संगिताने विचारलं.

मिना त्याच्याजवळ बसली. "मी तरी कोणत्या कामाची होते, दादा? मलाबी असंच माघारी आणून टाकलं होतं. तवा तू दाराला कडी लावली न्हाईस. म्हणलास, ये बाई, घर तुजंच हाय."

धनसिंगने डोळे पुसले आणि स्वतःच्या हाताने माझं दावं सोडलं. माझा जीव भांड्यात पडला.

तांड्यावर परतल्यावर धनसिंगने नवसाचं विचारलं. "देवीनं हे जनावर माघारी धाडलं, दुसरं कुठं मागितलंय?" जळबा म्हणाले. मग देवीला लापशीचा नैवेद्य झाला. थोडी मलाही मिळाली.

आता माझे दात पडलेत. घंटी दुसऱ्या शेळीच्या गळ्यात आहे. मी आता खरंच कोणत्याही कामाची उरले नाही. तरी रोज संगिता माझ्यासाठी ज्वारीचा भरडा भिजवते आणि दोघींच्या बाजांमधली जागा माझी असते. धनसिंग आला की आधी माझ्या पाठीवरून हात फिरवतो.

मित्रांनो, तुमच्याही दारात कधीतरी कशातच न बसणारं कोणी येईल. ते कशाच्या कामाचं, हे सावकाश विचारा. आधी पाणी ठेवा. त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत विचारायचं तुम्ही बहुतेक विसरून जाल.