कान चांगलेच आहेत

कानांच्या तपासणीत तिने आवाज आल्याचं बटण दाबलं आणि काचेपलीकडची मुलगी पुन्हा थांबली. कानांवरचे हेडफोन काढा, अशी मुलीने खूण केली.

"आजी, आत्ता मी आवाज सोडलाच नव्हता."

"मला आला की."

"आणि मघाशी सोडला तेव्हा गप्प बसलात. तोच आवाज, तेवढाच बारीक. एकदा येतो, एकदा नाही."

"मग बिघडलंय कोण? तुझं यंत्र की मी?"

मुलगी हसली. "कोणीच नाही. कान ठणठणीत आहेत. पण डोकं कधी रिकामं नसतं, आजी. बाहेरून आवाज पोचतो तेव्हा आत आधीच काहीतरी चाललेलं असतं. काय ऐकू येणार, ते त्यावरही ठरतं. फार वाट बघितली की नसलेलंही ऐकू येतं."

बाहेर बाकावर तिचा मुलगा बसला होता.

"कान चांगले आहेत," नापास झाल्यासारखं तिने सांगितलं.

त्याने तिची पिशवी हातात घेतली. मग म्हणाला, "मशीन लावून भागलं असतं तर बरं होतं गं. बाबा हाका मारत राहतात, तू जात नाहीस. परवा स्वतःच उठायला गेले आणि पडले. आता त्यांना ठेवायला ती शुश्रूषेची जागा बघावीच लागेल."

"मी जाते रे. हाक आली की धावतच जाते."

"तेव्हा ते झोपलेले असतात, आई."



तिला दारात सोडून तो कामावर गेला. नवऱ्याच्या सोबतीला बसलेली शेजारीण उठली. "एकदाही हाक नाही. माझ्या वाट्याला नुसतं घोरणं आलं," म्हणाली आणि चपला शोधत गेली.

ती भांडी विसळायला लागली तोच हाक आली. "अगं."

स्वच्छ, भरदार. पूर्वी जिन्याच्या तळाशी उभं राहून ते असे 'अगं' म्हणाले की तिन्ही मजल्यांवरच्या बायका 'ओ' द्यायच्या. ती ओल्या हातांनीच आत गेली. ते झोपलेले होते. ओठ एका बाजूला ओघळलेले, अर्धांगवायूपासून असतात तसे. ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली आणि मग परत आली.

नळ पुन्हा फुसफुसत होता. प्लंबर दोनदा येऊन गेला, तरी याचं रडगाणं चालूच. तिने तो आवळला. आवळलेलाच होता. आवाज परत आला. तिने नळाखाली तळवा पसरून धरला. एकही थेंब पडला नाही.

ती हळूहळू खोलीकडे गेली.

ते दाराकडेच बघत होते. ओठांच्या कोपऱ्यातून वारा सुटला, "ह्‌…ग."

"अहो, ही हाक आहे?"

त्यांनी वैतागून डोळे मिटले. इतका ओळखीचा वैताग, की तिला हसू आलं आणि लगेच गेलंही.

"मी त्या भरदार आवाजाच्या मागे धावत होते," ती म्हणाली. ते त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. ती पलंगाच्या काठावर बसली आणि तोंड भिंतीकडे केलं. "आता हाक मारा. मी बघत नाही."

बराच वेळ काही नाही. मग पाठीमागून, "ह्‌…ग."

"ओ," ती म्हणाली. "परत."

"ह्‌…ग."

"ओ."

स्वयंपाकघरात फोन वाजायला लागला. मुलाचा होता. वाजून थांबला, पुन्हा वाजला, कितीतरी वेळ वाजत राहिला. भिंतीकडे तोंड करून ती पुढच्या हाकेची वाट बघत होती. फोन तिला ऐकूच आला नाही.