स्विच तपासणीला बसला तेव्हा

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. माझ्या सख्ख्या बायकोनं कधी ठेवला नाही, तरी संसार झालाच.

परवा जेवणं उरकून आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. समोर नवे जावई, म्हणजे कान ताजे. कोपऱ्यात माझी मेहुणी मटार सोलत होती. ती आमच्याच कचेरीत टेलिफोन ऑपरेटर. मी तारा आणि यंत्रं सांभाळायचो, ती फोन जोडून द्यायची. गोष्ट खरं तर तिचीच आहे, पण तिला सांगता येत नाही. फार खरं बोलते.

"जावईबापू, नेटवर्क स्विच पाहिलाय कधी?"

"हो, ती बारीक दिव्यांची चपटी पेटी."

"पेटी म्हणता? अहो, अख्ख्या इमारतीचा जीव होता तिच्यात! प्रत्येक टेबलावरचा कॉम्प्युटर, प्रत्येक टेबलावरचा फोन, सगळ्यांच्या तारा तळघरात उतरून तिच्या भोकांत शिरायच्या. भोकाला पोर्ट म्हणायचं, म्हणजे माणूस हुशार दिसतो. आणि तळघर असं, की मोबाइलला रेंज सोडा, उजेडालासुद्धा विचारून आत यावं लागायचं."

"झालं सुरू," आतून बायको म्हणाली.

मी तिकडं कानाडोळा केला. तर मेहुणीच्या फोनची तार सतराव्या पोर्टात. गिऱ्हाईक बोलायला लागलं, की मध्येच फोन तुटायचा. साहेबांनी ठरवूनच टाकलं: ही बाई कंटाळली की फोन आपटते. सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "सोमवारपासून येऊ नका."

मी म्हटलं, दोष तिचा नाही, स्विचचा आहे. साहेब म्हणाले, दाखवा. आता चालू स्विचला विचारावं, तर तो पाहुण्यांपुढच्या पोरासारखा शहाणा होतो. सगळं ठीक आहे म्हणतो. खरं काढायचं तर त्याला कामावरून उतरवून तपासणीला बसवावं लागतं. मग तो एकेका पोर्टातून स्वतःलाच हाक मारतो आणि ती ऐकू येते का ते बघतो. तोवर सगळं ठप्प. शिवाय मध्येच वीज काढली, तर तो पुन्हा उठेल याची खात्री नाही.

"माझी कचेरी एक मिनिटसुद्धा बंद राहणार नाही," साहेब म्हणाले. "आणि कुणाची तार काढून कुणाच्या जागी लावायची नाही. बाई जातील, प्रश्न मिटेल."

"मग?" जावई पुढं सरकले.

"मग काय! शुक्रवारी भर दुपारी तळघरात उतरलो. लॅपटॉप स्विचला जोडला, हुकूम दिला. स्विचनं विचारलं, सगळं बंद पडेल, करू का? म्हटलं, कर रे बाबा, बिनधास्त कर!"

आणि दाबलं बटण. दिवे असे विझत गेले, जसे रुसलेले व्याही पंगतीतून एकेक करून उठतात. पेटीतल्या पंख्यांनी असा जोर धरला, की माझा चष्मा नाकावरून उडून भिंतीला चिकटला. वर इमारतीत अशी शांतता पसरली, की हिशेबनीसाला स्वतःच्या पोटाची गुडगुड ऐकू आली आणि तो "आत या" म्हणाला.

जावई हसून हसून आडवे. मेहुणी शेंगा सोलत होती.

"ही माझ्यासोबत खाली आलेली, बिचारी कोपऱ्यात रडतेय," मी पुढं रेटलं. "तेवढ्यात तळघरातला टेबलावरचा फोन खणखणला. साहेब! म्हणाले, 'ती तपासणी आत्ताच्या आत्ता बंद करा, नाहीतर तुम्हीही सोमवारपासून घरी!' मी म्हटलं, 'साहेब, तपासणी पुरी झाल्याशिवाय याला देवसुद्धा हात लावणार नाही. हिंमत असेल तर खाली या!' आणि आपटला फोन. साहेब इतक्या वेगानं जिना उतरले, की त्यांचे बूट मागाहून आले. पण मी दाराला पाठ लावून उभा. ढकला म्हटलं, किती ढकलता ते!"

"आणि निकाल?"

"सगळे पोर्ट पास. सतरावा नापास! स्वतःचीच हाक त्याला ऐकू येत नव्हती. दार उघडून साहेबांना लॅपटॉपचा पडदा दाखवला. मग त्यांच्यादेखत त्यांच्या फोनची तार काढली, तिथं हिची लावली आणि त्यांची घातली सतराव्यात. साहेबांचे फोन तुटायला लागले, तसा नवा स्विच आठवड्यात आला. ही अजून तिथंच आहे नोकरीला."

जावई थक्क. "म्हणजे फोनवर तुम्ही साहेबांना खरंच तसं बोललात?"

"शब्दन् शब्द!"

मेहुणीचा हात थांबला. "भाऊजी, तपासणी चालू असताना इमारतीतले सगळे फोन बंद होते ना?"

"होतेच की. अगदी मुके."

"मग साहेबांचा फोन आला कशावर?"

आत बायको भांड्यासकट हसली. मी म्हटलं, "तो... मोबाइल होता बहुतेक."

"तळघरात? मघाशीच रेंज काढून घेतलीत की तुम्ही तिथली." तिनं मटाराचं ताट बाजूला ठेवलं आणि जावयांकडं वळली. "फोनबिन काही आला नव्हता. साहेब थेट दारावर आले होते. दाराला खुर्ची लावून 'काढायचं तर आत्ताच काढा मला, पण निकाल लागेपर्यंत हे दार उघडणार नाही' असं ओरडत बसली होती ती मी. आणि हे भाऊजी माझ्या मागून म्हणत होते, 'अगं हळू, हळू, साहेब आहेत ते!'"