सिस्टिमचं आकलन अपुरं

मिनल धोटे नागपूरच्या मिहानमधल्या एका बड्या टेक कंपनीत चार वर्षं कंत्राटी होती. कायमच्या लोकांच्या गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, तिच्या गळ्यात पिवळी. देशभरातून येणारी ग्राहकाची प्रत्येक तक्रार आपोआप योग्य विभागाकडे पाठवणारी सिस्टिम मात्र पिवळ्या पट्टीनंच उभी केली होती.

तिच्याच टीममध्ये कायमची जागा निघाली. तिचा मॅनेजर सौरव म्हणाला, "अर्ज कर. पाच मुलाखती आहेत, फॉर्मॅलिटी."

घरी आई, कुसुमताई, चक्रावल्या. "काहून वं, चार वर्षांपासून तिथंच जाऊन राहिली ना तू? मंग आता तुले काय पाहतेत?"

पहिल्या तीन फेऱ्या कोड्यांच्या होत्या. त्या मिनलनं सहज काढल्या. चौथ्या फेरीत हैदराबादहून एक मॅडम स्क्रीनवर आल्या. त्यांनी एक आकृती दाखवली आणि म्हणाल्या, "ही आमची सिस्टिम. समजावून सांगा."

आकृती मिनलनंच काढली होती. कोपऱ्यातली स्पेलिंगची चूकसुद्धा तिचीच.

"मॅडम, ही मीच बनवली."

मॅडमच्या कपाळावर आठी चढली. "'मी' नको, 'आम्ही' म्हणा. आपल्याकडे टीमवर्कला महत्त्व आहे."

पाचव्या फेरीत मिनल शहाणी होऊन गेली. आम्ही केलं, आम्ही तपासलं, आम्ही सुधारलं. समोरचा साहेब अर्धा तास ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ते ठीक. पण तुम्ही स्वतः काय केलंत?"

आठ दिवसांनी शेरा आला: व्यक्तिगत योगदान अस्पष्ट, सिस्टिमचं आकलन अपुरं.

मिनलनं तो दोनदा वाचला. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं हसू.

सौरव तिच्या टेबलाशी आला. "मनाला लावून घेऊ नकोस. आणि ऐक, सोमवारी त्या जागेवर पुण्याहून नवा माणूस रुजू होतोय. त्याला सिस्टिम जरा शिकवून दे."

"मले नाही समजत ती सर. तुमच्याच लोकांनी लिहून देलं."

"अगं, तूच तर बनवलीस!"

"हे लेखी देता का?"

सौरवला अचानक मीटिंग आठवली.

महिनाअखेरीस तिचं कंत्राट संपत होतं. तिनं मुदतवाढ नाकारली, लॅपटॉप जमा केला आणि ती धंतोलीतल्या एका छोट्या कंपनीत लागली. तिथं मालकिणीनं एकदाच, वीस मिनिटं बोलून तिला घेतलं होतं.

पुण्याच्या माणसानं दुसऱ्याच आठवड्यात सिस्टिममध्ये 'सुधारणा' केल्या. तेव्हापासून रायपूरकडच्या सगळ्या तक्रारी ऑफिसच्या कॅन्टीनवाल्याला जाऊ लागल्या. भला माणूस, त्यानं प्रत्येकाला फोन करून माफी मागितली. त्या तिमाहीत ग्राहकांचं समाधान अकरा टक्क्यांनी वाढलं आणि सौरवला बढती मिळाली.