मिशीएवढी जागा

"हलू नका हो! बालवाडीतली पोरंसुद्धा तुमच्यापेक्षा बरी बसतात," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या, बाळकृष्णांच्या, हनुवटीला बोट लावून त्यांनी तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

शाळेचा वर्ग आज रंगपट झाला होता. गणपतीतलं नाटक तासाभरावर आलं होतं. त्यात नदीकाठी उभं राहणारं एक पात्र होतं, ना बाई ना बुवा. येणाऱ्याजाणाऱ्याला ते पलीकडची वाट सांगायचं. गिरणीला टाळं लागल्यापासून खाटेवर मुके बसून असलेले बाळकृष्ण या पात्राची वाक्यं पाठ करता करता पुन्हा बोलू लागले होते. इंदुमतीबाईंना तेवढंच हवं होतं.

चेहरा मात्र सहज साधला नव्हता. पहिल्यांदा त्यांनी अर्धा बाईचा, अर्धा पुरुषाचा रंगवला. शेजारची सुरभी पोट धरून हसली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की दोन चेहरे जोडायचे नाहीत. दोन्हीकडचं थोडं थोडं पुसायचं. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत निघणाऱ्या गिरणीच्या झांकीतले देव रंगवून त्यांचा हात तयार होता. आज त्यांनी भुवयांची टोकं साबणानं चिकटवून त्यावर रंग दिला. जबड्याची धार मऊ केली. ओठ कातडीच्याच रंगाचे ठेवले. काजळ फक्त खालच्या पापणीला.

उरली मिशी. तीही साबणानं बसवून पाहिली होती. पहिल्याच वाक्याला रंगाला तडे गेले.

गिरणीत जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, झाले त्या दिवसापासून राखलेली मिशी. ती खात्याच्या दारात दिसली, की पोरं विड्या विझवायची.

नाटक बसवणारी चारुलता दारात आली. "काकू, मिशीचं काय? मला टेन्शन येऊन राहिलंय. नाहीतर मोहनकाकांना उभं करते. त्यांनाही वाक्यं येतात."

खात्यातला जुना जोडीदार मोहन कोपऱ्यात पगडी बांधत होता. "क्या भिया, एक चान्स आम्हालाही द्या! आपलं तर ओठावर मैदान साफच आहे."

बाळकृष्ण हसले नाहीत. इंदुमतीबाईंनी पेटीतला वस्तरा हळूच रुमालाखाली सरकवला. मिशी काढा असं आपण होऊन सांगायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं.

"थांब गं चारू. मी अजून एकदा साबण लावून बघते."

"राहू दे, इंदू," बाळकृष्ण म्हणाले. "रुमालाखालचं दे."

"अहो, पण..."

"जॉबरची होती ती. आता खातं कुठे राहिलंय?"

त्यांनी स्वतःच उरकलं. ओठावरची कातडी कधी ऊन न लागल्यासारखी पांढुरकी निघाली. इंदुमतीबाईंनी तिच्यावर दोन बोटांनी रंग पसरला.

नदीकाठचं ते पात्र बोलू लागलं, तेव्हा सतरंजीवर दंगा करणारी पोरंही गप्प झाली. विंगेत मोहननं पगडी उतरवून हातात धरली होती.

नाटक संपलं. खोबरेल तेलानं रंग उतरला. बाहेरून हाका आल्या, "चलो भिया, सराफ्यातल्या खाऊगल्लीत जिलबी!" बाळकृष्ण उठले नाहीत.

"चाळीच्या तोंडाशी सगळे खात्यातले बसले असतील," ते हळू आवाजात म्हणाले. "घरी जाईपर्यंत... जरा रंगवून देतेस?"

इंदुमतीबाईंनी भुवयांची पेन्सिल घेतली, हनुवटीला बोट लावलं आणि मिशीचा एकेक केस रेखू लागल्या. जुन्या मिशीत जिथे पांढरे केस होते, तिथे जागा मोकळी सोडत होत्या.

या वेळी बाळकृष्ण जराही हलले नाहीत.